जूनमध्ये मोडलेलं चालणं

डिचोली तालुक्यातल्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती. पत्र चार पानांचं आहे, गाभा असा:

"वय ४४. नोकरी पणजीत पाटोवर, रोज बसने ये-जा. फेब्रुवारीत रक्त तपासलं तर एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तपासणी) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, सीमेवर आहात, रोज चाला. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर '२१ दिवसांत सवय' असा उपक्रम होता, म्हणून पाडव्याला सुरुवात केली. पहाटे शेजारणीबरोबर मये तलावाच्या रस्त्याने जायचं. २१ दिवस झाले, सगळ्यांनी एकमेकींना शाबासकी दिली आणि ग्रुप थंड पडला. मी मे संपेपर्यंत चालले. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला आणि चालणं संपलं. आता जुलै सरत आला. मागच्या वर्षी गोड सोडलं होतं, तेही चवथीला एक नेवरी (करंजी) खाल्ली आणि मोडलं. संध्याकाळी बसस्टँडवर ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर मिरची-पाव मात्र कधी चुकत नाही. सासूबाई म्हणतात, तुझं सगळं चार दिवसांचं. माझ्यात मनोबलच नाही का? मुलगा म्हणतो, पावलं मोजणारं घड्याळ घे. घेऊ का?"

ताई, आधी सासूबाईंचा हिशेब तपासू. पाडव्यापासून मे अखेर म्हणजे दोन महिने झाले. चार दिवस नव्हेत. तुमचा ग्रुप थांबला त्यानंतरही तुम्ही चालत राहिलात, हे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत आणि मिरची-पावावर अर्धं पान लिहिलंत. मला ती एक ओळच महत्त्वाची वाटली.

त्या २१ दिवसांचं मूळ सांगते. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लॅस्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना साधारण २१ दिवस तरी लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६० साली लिहिलं. व्यायामाशी किंवा खाण्याशी त्याचा संबंध नव्हता. पुढे सांगणाऱ्यांनी 'तरी' गाळला, चेहरा गाळला आणि आकडा तेवढा ठेवला. सवय लागायला खरोखर किती दिवस जातात हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे तपासलं. प्रत्येकाने एक छोटी गोष्ट निवडली. कुणी जेवणाबरोबर पाणी पिण्याची, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पळण्याची. ती गोष्ट आपोआप, विचार न करता घडू लागेपर्यंत गेलेल्या दिवसांची मधली संख्या ६६ निघाली. पण कुणाला १८ पुरले, तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. पाणी पिणाऱ्यांचं लवकर जमलं, व्यायामवाल्यांना बराच जास्त वेळ लागला. म्हणजे तुमच्या ग्रुपने शाबासकी वाटली तेव्हा काम निम्म्यावरही आलेलं नव्हतं. अशा उपक्रमांबद्दल माझी तक्रार हीच आहे की ते नेमक्या चुकीच्या दिवशी टाळ्या वाजवतात.

आता मनोबलाचं बघू. तुमच्या घरी मासे खातात असं पत्रावरून दिसतं (रविवारच्या हुमणाचा उल्लेख आहे). मग श्रावणात काय होतं? गोव्यातली आपली किती घरं आहेत, जिथे एरवी नुस्त्याशिवाय घास उतरत नाही आणि श्रावण लागला की महिनाभर त्याचं नावही निघत नाही! काही घरांत तर चवथीचे गणपती पोचवेपर्यंत निघत नाही. त्या महिन्यात तुम्ही दातओठ खाऊन मोह आवरता का? मला नाही वाटत. मासे घरात येतच नाहीत, शेजारणीच्या घरी तळणाचा वास नसतो, ऑफिसात डबे उघडले तरी सगळ्यांच्या डब्यात खतखतं नाहीतर मुगागाठी. आज खावं की न खावं हा प्रश्न सकाळी कुणी विचारतच नाही. सोमवारचंही तसंच. वर्षानुवर्षं इतका कडक नियम पाळणाऱ्या बाईने 'माझ्यात मनोबल नाही' असं लिहावं, हे मला पटत नाही. तुमच्यात आहे तेवढंच मनोबल बहुतेकांत असतं. श्रावणात त्यावर भार पडत नाही, कारण तो घराने, बाजाराने आणि कॅलेंडरने उचललेला असतो.

वेंडी वुड या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हेच आयुष्यभर अभ्यासलं. २००२ सालच्या त्यांच्या एका अभ्यासात लोकांना दर तासाला इशारा मिळायचा आणि त्यांनी त्या क्षणी काय करतोय, काय विचार करतोय ते लिहायचं. लोक जे करत होते त्यातलं सुमारे ४३ टक्के जवळपास रोजचं, बहुधा त्याच जागी होणारं आणि मनात दुसराच विचार चालू असताना घडणारं निघालं. २०११ साली त्यांच्या गटाने सिनेमागृहात पॉपकॉर्न वाटले. काहींना ताजे, काहींना आठवड्याचे शिळे. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची जुनी सवय होती, त्यांनी शिळेसुद्धा ताज्याइतकेच खाल्ले आणि वर चव वाईट असल्याचं सांगितलं. तेच पॉपकॉर्न सभेच्या खोलीत दिले, तेव्हा शिळे मागे उरले. हात जागेने चालवला होता, जिभेला कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून तुमचा मिरची-पाव. एक तपासणी करून बघा. रविवारी संध्याकाळी त्याच वेळी घरी असताना तुम्हाला मिरची-पाव आठवतो का? आठवत नसेल, तर ती भूक नाही आणि चवही नाही. ऑफिस सुटलं, स्टँड आला, बसला वेळ आहे, सगळ्या मैत्रिणी गाड्याकडे वळल्या, एवढ्याचं मिळून ते खाणं झालेलं आहे. त्याला 'नको' म्हणण्याची रोज लढाई लढू नका, मैत्रिणींसमोर तर मुळीच नको. ऑफिसातून निघण्याआधी डब्यातले चणे किंवा एखादं फळ खाऊन घ्या आणि पंधरा दिवस तरी आधीची बस पकडा, नाहीतर गाड्यापासून लांबच्या फलाटावर उभ्या राहा. मैत्रिणींना सांगून टाका की आपण शुक्रवारी खाऊ. एक दिवस ठरलेला असला की बाकीच्या दिवशी वाद घालावा लागत नाही, आणि शुक्रवारची मिरची मोजूनमापून खायची गरजही नाही. मिरची-पाव आयुष्यातून हद्दपार करायला मी सांगणार नाही. गोव्यात राहून ते कुणाला जमलेलं मी पाहिलेलं नाही.

चालण्याचंही गणित हेच आहे, फक्त उलटं. तुमची सवय कशावर उभी होती ते बघा. पहाटेचा उजेड, कोरडा रस्ता, दाराशी येऊन हाक मारणारी शेजारीण, तलावाची कडेची वाट. जूनने एका आठवड्यात हे चारही काढून नेले. शेजारीण येईना, बूट वाळेनात, रस्त्यावर पाणी. तुम्ही म्हणता सवय मोडली. मी म्हणेन, ती जिथे राहत होती ती जागाच उठली. वुड आणि सहकाऱ्यांनी २००५ साली एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांकडे पाहिलं. नव्या ठिकाणीही व्यायामाची परिस्थिती जुन्यासारखीच राहिली त्यांची सवय टिकली, बदलली त्यांची ढासळली. त्यांच्यावर ती वेळ एकदा आली. आपल्यावर दर वर्षी जूनमध्ये येते आणि तरी दर वर्षी आपण चकित होतो! चालण्यावरचं बहुतेक मार्गदर्शन थंड हवेच्या देशांतून आलेलं, त्यात चार महिन्यांच्या पावसाला जागाच नाही. तुम्हाला पावसाचं वेगळं चालणं ठरवावं लागेल. कोरड्या दिवसांतल्या चालण्याची ती फिकी नक्कल असेल, असू दे.

त्यासाठी एक काम करा. तुमच्या दिवसातल्या कोणत्या गोष्टी पाऊस बदलू शकत नाही, त्या शोधा. मला लगेच आठवतो तो पोदेर, आपला पाववाला. धो धो कोसळत असलं तरी पावांच्या पाटीवर निळं प्लॅस्टिक बांधून तो येतोच, भोंगा वाजतोच, तुम्ही पिशवी घेऊन दाराशी जाताच. दुसरी गोष्ट दुपारचा डबा. तिसरी दिवेलागण. या तिन्हींना तुमच्या आठवणीची गरज नाही, त्या तुम्हाला येऊन गाठतात. यांतल्या एकीला चालणं बांधा आणि ते वाक्यात लिहून ठेवा: "पोदेराकडून पाव घेऊन टेबलावर ठेवले की मी बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) दहा मिनिटं फेऱ्या मारीन." किंवा, "डबा धुऊन ठेवला की ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये दहा मिनिटं." दुपारचं मला जास्त आवडतं, कारण जेवणानंतरच्या थोड्याशा चालण्याने जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते, हे अनेक प्रयोगांत दिसलेलं आहे, आणि तुमचा मूळ प्रश्न साखरेचाच आहे. संध्याकाळी देवळाचा सभामंडप मोकळा असेल तर तोही वाईट नाही. आपल्याकडची देवळं त्या बाबतीत उदार आहेत.

'अमुक झालं की तमुक करीन' या साध्या वाक्याचा अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी मांडला. २००२ साली ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एकाला काहीच सांगितलं नाही, दुसऱ्याला व्यायामाचे फायदे आणि हृदयविकाराची भीती सांगितली, तिसऱ्याला तेवढंच सांगून वर कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार ते लिहायला लावलं. पहिल्यात ३८ टक्क्यांनी व्यायाम केला, दुसऱ्यात ३५, तिसऱ्यात ९१. हा आकडा फार देखणा आहे म्हणून सावध करते: तो आठवड्यातून एकदा केलेल्या व्यायामाचा, विद्यार्थ्यांनी स्वतःच सांगितलेला आकडा आहे. पुढच्या अभ्यासांत परिणाम दिसला, पण इतका डोळे दिपवणारा नव्हे. त्यातली दुसऱ्या गटाची गोष्ट मात्र मनात ठेवा. भीती घालून कुणी हललं नाही. तुमच्या डॉक्टरांनी घातलेली भीतीही फेब्रुवारीत संपली असणार.

आणखी एक. आपोआप व्हायला हवं ते निघणं, चालणं नव्हे. किती वेळा व्यायाम होतो हे, व्यायामाला निघायची सवय किती पक्की आहे यावर ठरतं, व्यायामातल्या हालचाली किती अंगवळणी पडल्यात यावर नाही, असं २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणून ज्या दिवशी डोकं दुखतंय, पाहुणे आलेत, वीज गेलीय, त्या दिवशी भोंगा वाजल्यावर बाल्कांवात उतरून दोन फेऱ्या मारून परत या. साखरेसाठी त्या दोन फेऱ्यांचा फारसा उपयोग नाही. निघायची सवय मात्र त्या दिवशी जिवंत राहते.

नेवरीकडे वळते, कारण चवथ पुन्हा येते आहे. तुमचं वाक्य होतं, "एक खाल्ली, मग म्हटलं आता मोडलंच, तर मोडू दे." हे तुमच्या एकटीचं नाही. १९७५ साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी काही तरुणींना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीमची चव घ्यायला सांगितलं. ज्या खाण्यावर बंधन घालून राहत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, जसं पोट भरल्यावर कुणीही खाईल. ज्या पथ्यावर होत्या त्यांनी उलट जास्त खाल्लं. पथ्य आज मोडलंच आहे, मग राखायचं कशासाठी? एका नेवरीने तुमचं काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं ते पुढच्या डब्याने, आणि तो डबा तुम्ही उघडलात कारण तुमचा नियम 'गोड बंद' असा होता. असा नियम पहिल्या घासालाच फुटतो. या चवथीसाठी नियमच असा करा की त्यात नेवरी असेल: घरच्या नेवऱ्या, गणपती असेपर्यंत, जेवणाबरोबर, आणि शेजाऱ्यांकडून आलेला डबा त्याच दिवशी मुलांच्या हवाली. गणपती पोचवले की दुसऱ्या दिवशी सकाळी परत. लंडनच्या अभ्यासातही एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या वाढीवर म्हणण्यासारखा परिणाम झालेला नव्हता.

परत फिरण्याचा दिवस मात्र ठरलेला हवा. तो नसला की माणूस मोठ्या मुहूर्ताची वाट बघत बसतो. तुमच्या पत्रात 'आता दसऱ्याला बघते' असं आहेच. मुहूर्ताला काही अर्थ नाही असं नव्हे. २०१४ साली काही अमेरिकन संशोधकांनी दाखवलं की आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला लोक जास्त संख्येने व्यायामशाळेत जातात आणि आहाराविषयी जास्त शोधतात. नवी पाटी मिळाल्यासारखं वाटतं. पण आठवड्याचा मुहूर्त हाताशी असताना दसऱ्यापर्यंत थांबायचं कशाला? तुम्हाला सोमवार आहे. तो तसाही तुमच्या घरी नुस्त्यावाचूनचा, वेगळा दिवस. चालणं कधीही तुटलं, तरी पुढचा सोमवार ही परतीची तारीख, त्यावर चर्चा नको.

सासूबाईंबद्दल थोडक्यात. त्यांना नवा संकल्प सांगू नका, काम सांगा. "दिवे लावल्यावर दहा मिनिटं मी नसेन" किंवा सुट्टीच्या दिवशी "पोदेर गेल्यावर चहा तुम्ही टाकाल का?" संकल्पावर टोमणा मारता येतो, चहाला आधण ठेवण्यावर मारणं अवघड. पावसात येईनाशी झालेली शेजारीण बाल्कांवात येत असेल तर तिलाही बोलवा. गप्पांसाठी का होईना, माणसं परत येतात.

घड्याळ घेऊ नका असं म्हणणार नाही, घाई करू नका म्हणेन. रोजच्या १०,००० पावलांचा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातच तो होता. २०१९ साली अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांचा मोठा अभ्यास आला. त्यात सुमारे ४,४०० पावलांपासूनच मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसू लागला आणि ७,५०० च्या पुढे तो फारसा वाढला नाही. तुमचं वय त्या स्त्रियांपेक्षा बरंच कमी आहे, म्हणून तो आकडा जसाच्या तसा घेऊ नका. पण ६,२०० पावलं झाली म्हणून रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायची गरज नाही, एवढं त्यातून नक्की घ्या. घड्याळ आकडा सांगेल, भोंग्याचं काम करणार नाही. आधी पावसात चालतील आणि रात्रीत वाळतील अशा चपलांचा दुसरा जोड घ्या.

शेवटी साखर, कारण सवयीच्या नादात ती मागे पडू नये. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या आधीची पायरी मानतात, तुम्ही तिच्या मध्यावर आहात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं: २६.४ टक्के, देशाची सरासरी ११.४. या पायरीवरून परत खाली उतरता येतं, याचा पुरावा मात्र चांगला आहे. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत आठवड्याला १५० मिनिटांची हालचाल आणि थोडं वजन उतरवणं यांनी मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जीवनशैली बदलून घट सुमारे २८ टक्के होती. कमी आहे, पण तीही त्याच चाचणीत मधुमेहाच्या गोळीने झालेल्या घटीइतकीच. तुमच्या दुपारच्या दहा मिनिटांचे आठवड्याला ५० होतात, सकाळची दहा धरली तर १२०. पाऊस ओसरल्यावर तलावाकडचं चालणं परत जोडलंत की १५० सहज ओलांडाल.

एचबीए१सी साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, त्यामुळे पुढच्या आठवड्यात धावत जाऊन तपासू नका, जूनजुलैचंच दिसेल. येत्या सोमवारी सुरुवात केलीत तर ऑक्टोबरअखेर तपासा. तहान वाढली, वजन आपोआप उतरू लागलं, रात्री वारंवार उठावं लागलं, तर मात्र ऑक्टोबरची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. आणि जाताना किती चाललात याची वही घेऊन जा, रिकाम्या तारखा असल्या तरी. औषध लागेल की नाही हे ठरवताना त्या रिकाम्या तारखाही डॉक्टरांना उपयोगी पडतील.